क्षार म्हणजे नक्की काय? : आमच्या शाळेच्या प्रकल्प नोंदी

11 नोव्हेंबर

प्रकल्पाचं मूळ एका चुकीच्या उत्तरात आहे, म्हणून ते आधी लिहून ठेवते. घटक चाचणीत प्रश्न होता, 'क्षारांची दोन उदाहरणे लिहा.' बाकीच्यांनी मीठ आणि मोरचूद लिहिलं. एका मुलीनं लिहिलं, चुना आणि कॉस्टिक सोडा. मी शून्य दिला. मधल्या सुट्टीत ती पेपर घेऊन आली. "बाई, क्षार म्हंजे चुन्यासारखंच की ओ. आमच्या सरांनी तसंच शिकवलंय."

ती सातवीपर्यंत कन्नड शाळेत होती. कन्नडमध्ये क्षार म्हणजे अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, चुन्यासारखा पदार्थ; आणि आम्ल व अल्कली मिळून जे तयार होतं ते लवण. आपल्या मराठी पुस्तकात आम्ल आणि आम्लारी (बेस; पाण्यात विरघळणारी आम्लारी म्हणजेच अल्कली) यांच्यापासून जे होतं तेच क्षार. एकच शब्द, आणि घटप्रभा नदीच्या अल्याड-पल्याड नव्हे, एकाच बाकावर त्याचे दोन अर्थ. मुलगी चुकली नव्हती. शून्य खोडून दोन गुण दिले आणि वर्गात सगळ्यांसमोर तसं सांगितलंही.

घरी येऊन विचार करत बसले, तर तिचा अर्थ आपल्या मराठीलाही परका नाही. यवक्षार, सज्जीखार, पापडखार ही सगळी नावं राखेतून किंवा खारट मातीतून काढलेल्या अल्कलीधर्मी पदार्थांची आहेत. 'अल्कली' हा शब्द अरबीतून आला, त्याचाही अर्थ वनस्पतीची राख असाच. म्हणजे पुस्तकानं अर्थ बदलला, लोकांनी नाही.

आठ मुलं जमली आहेत. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनापर्यंत वेळ आहे. या वहीपुरता नियम ठरवला: आम्ल, आम्लारी आणि लवण हेच शब्द वापरायचे. 'क्षार' शब्द त्याचा निकाल लागेपर्यंत बाजूला.

14 नोव्हेंबर

दर्शक, म्हणजे रंग बदलून आम्ल की आम्लारी ते सांगणारे पदार्थ, तयार केले. बाजारच्या लिटमसच्या दोनच पट्ट्या उरल्या होत्या, म्हणून हळद आणि जास्वंद.

हळद पाण्यात नीट उतरत नाही, स्पिरिटमध्ये उतरते. वहीचा कोरा कागद त्यात बुडवून सावलीत वाळवला. जास्वंदीच्या लाल पाकळ्या गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवल्या, जांभळट पाणी निघालं. लिंबानं ते गडद गुलाबी होतं, साबणाच्या पाण्यानं हिरवट. हळद आम्लात पिवळीच राहते, आम्लारीत विटकरी लाल. म्हणून हळद एका बाजूलाच बोलते. आंबटपणा ओळखायला जास्वंदच हवी.

लिटमस कशापासून करतात हे विचारल्यावर कुणाला सांगता आलं नाही. आपल्या मसाल्यातलं दगडफूल ज्या कुळातलं, त्याच दगडफुलांच्या, म्हणजे लायकेनच्या, काही जातींपासून तो रंग काढतात. हे ऐकून दोन मुली घरचं दगडफूल घेऊन आल्या. त्यातून लिटमस निघणार नाही, जात वेगळी. पण वास घेऊन सगळ्यांना भूक लागली.

19 नोव्हेंबर

चुन्याची निवळी फसली. दोन दिवस वाया गेले, म्हणून सविस्तर.

शाळेच्या कोठीत रंगकामाच्या वेळची चुन्याची अर्धी पिशवी होती. मुलांनी तीच पाण्यात कालवली, रात्रभर ठेवली, वरचं स्वच्छ पाणी काढलं. हळदीचा कागद जेमतेम तांबूस झाला. नळीतून फुंकलं तर पाणी दुधाळ व्हायला हवं, तेही होईना. पोरं माझ्याकडे बघायला लागली.

पिशवीचं तोंड पावसाळाभर उघडं होतं. विरलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होतो, म्हणजे पुन्हा चुनखडीच. त्या पिशवीत आता बहुतेक खडूच होता. मुलांना सांगितलं, हा प्रयोग फसलेला नाही. हवेनं आम्लाचं काम केलं आणि आपल्याआधी लवण करून ठेवलं, एवढंच.

संकेश्वरच्या बाजारातून कळीचा, म्हणजे न विरलेला, चुना आणला. एका मुलाचे वडील बेळगावात उद्यमबागेत फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, आहेत, त्यांनी डोळ्यांवरचे चष्मे दिले. चष्मा घातल्याशिवाय कुणाला पुढे येऊ दिलं नाही. खडा पाण्यात पडला की आधी क्षणभर काहीच होत नाही. मग तो चर्रर करत फुगतो, भेगा पडतात, वाफ येते आणि घमेल्याचा तळ हाताला सोसवत नाही. सगळं मी स्वतः केलं. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. आम्लानं चुना मरतो म्हणून लिंबू पिळायला जायचं नाही. हे फळ्यावर लिहून ठेवलंय आणि पुसू दिलेलं नाही.

आजची निवळी फुंकल्यावर चारच श्वासांत दुधासारखी झाली. एकजण फुंकतच राहिला आणि ती पुन्हा निवळली. जास्त कार्बन डायऑक्साइड मिळाला की न विरघळणाऱ्या कार्बोनेटचं विरघळणारं बायकार्बोनेट होतं. हे त्यानं पुस्तक न बघता शोधलं, म्हणून त्याच्या वहीत तारीख घालून सही केली.

27 नोव्हेंबर

गुऱ्हाळ. या प्रकल्पातला माझा सर्वांत आवडता दिवस.

हिरण्यकेशीच्या काठाला एका मुलाच्या मामांचं गुऱ्हाळ आहे. पहाटे पहिलं आदण लागतं म्हणून सहाला पोचलो. चुलवाणात चिपाडं धडधडत होती. काहिलीतला रस अजून राखाडी-हिरवा, वर गढूळ फेस. चरकातून नुकत्याच आलेल्या रसाला सामू (pH) कागद लावला, ज्यात सात म्हणजे उदासीन आणि त्याखाली आम्ल: पाच आणि साडेपाचच्या मध्ये. म्हणजे गोड रस आंबट आहे! मुलांनी चाखून बघितला, आंबट काही लागेना. साखरेखाली आंबट दडलेलं असतं.

गुळव्या मामांनी डब्यातून चुन्याची निवळी घेतली, रसावर फिरवत सोडली. मग भेंडीच्या झाडाचा चिकट रस. थोड्या वेळात काहिलीत दह्याच्या फुटीसारखे बारीक कण दिसायला लागले, फेस दाटला आणि खालचा रस पिवळसर स्वच्छ झाला. झाऱ्यानं मळी काढली. आता कागद लावला: सहा ते साडेसहा.

मी विचारलं, "मामा, निवळी किती घालायची हे कसं ठरवता?"

"रस कसा हाय त्यावर. आडसाली (दीड वर्षाच्या) उसाला कमी लागतं, पडलेल्या, किडलेल्या उसाला जास्त. फेस बघायचा, रंग बघायचा. कमी पडलं तर गूळ बसत न्हाई, लिबलिबीत होतोय. जास्त झालं तर काळा पडतोय."

यातलं एकेक वाक्य रसायनशास्त्र आहे. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतात, आणि त्यांचं प्रमाण वाढलं की गूळ घट्ट बसत नाही. पडलेला ऊस आंबायला लागलेला असतो, त्याच्यात आम्ल जास्त, म्हणून चुना जास्त. उलट चुना जास्त झाला की तेच ग्लुकोज-फ्रुक्टोज उकळत्या आम्लारीत मोडून तपकिरी होतात. रसातलं फॉस्फेट कॅल्शियमशी मिळून न विरघळणारं लवण होतं आणि खाली-वर जाताना घाण धरून नेतं. मामांनी सामू हा शब्द ऐकलेला नाही. पण सहा आणि साडेसहाच्या मधली ती अरुंद वाट ते रोज चार-पाच वेळा डोळ्यानं गाठतात.

उदासिनीकरण म्हणजे बरोबर सातावर नेणं, असं मी इतकी वर्षं शिकवत आले. मामा सातावर नेत नाहीत. थोडं अलीकडे थांबतात. हे मला आज कळलं.

शेवटी थंड पाण्यात थेंब सोडून गोळी बघितली, काहील उतरवली. तेव्हा आमचा थर्मामीटर 118 अंशांवर होता. काकवीची वाटी सगळ्यांनी चाटून पुसली.

28 नोव्हेंबर

कालचा रस बर्फात ठेवून आणला होता. 100 मिलिलिटर रसाला सिरिंजनं निवळी. साडेसहाला पोचायला आम्हाला साधारण 15 मिलिलिटर लागली. तीन गटांचे आकडे 13, 15, 16. कागदावर रंग जुळवताना एवढा फरक पडणारच. मुलं सरासरी काढायला निघाली, मी आधी तिन्ही आकडे तसेच लिहायला लावले.

साखर कारखान्यातही हेच, फक्त तिथं चुन्याबरोबर गंधकाचा धूर, म्हणजे सल्फर डायऑक्साइड. चुन्यानं वर न्यायचं, गंधकानं खाली आणायचं, आणि मध्ये तयार होणारं कॅल्शियम सल्फाइट गाळ घेऊन बसतं. कारखान्यात वडील असलेल्या मुलाला 'सल्फर' माहीत होतं, कशाला जाळतात ते आज कळलं.

6 डिसेंबर

सामूचा आकडा म्हणजे काय यावर तास. ही पट्टी 1909 साली सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढली. एक अंक खाली गेला की हायड्रोजन आयन दहापट. सहा आणि चार यात शंभरपट फरक. मुलांना हे आकड्यांनी पटलं नाही. मग जास्वंदीच्या पाण्यात लिंबाचा रस टाकून, दहापट पाणी, पुन्हा दहापट पाणी, अशा पाच वाट्या मांडल्या. तेव्हा पटलं.

12 डिसेंबर

आता मूळ प्रश्नाकडे. सहा बशा, सहा लवणं, सगळी पाण्यात: मीठ, तुरटी, अमोनियम सल्फेट खत, जिप्सम, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा. आधी प्रत्येकानं अंदाज लिहायचा. आठही जणांनी सहाच्या सहा ठिकाणी 'उदासीन' लिहिलं. पुस्तक तसंच समजतं: आम्ल अधिक आम्लारी, मिळतं लवण आणि पाणी, भांडण मिटलं.

मीठ, जिप्सम: काही बदल नाही. तुरटी: जास्वंद चटकन गुलाबी, सामू कागद तीन-साडेतीन. अमोनियम सल्फेट: फिकट गुलाबी. धुण्याचा सोडा: हळद लालभडक. खाण्याचा सोडा: हळद तांबूस, पण पूर्ण लाल नाही.

वर्ग गप्प. मग त्याच मुलीनं विचारलं, "धुण्याचा सोडा लवण हाय, मग क्षारासारखा का वागतोय?" (ती अजून क्षार कन्नड अर्थानंच म्हणते, मी थांबवत नाही.)

सोडियम कार्बोनेट पाण्यात सुटला की सोडियम गप्प राहतो, कारण तो कॉस्टिक सोड्यासारख्या तीव्र आम्लारीतून आलेला. कार्बोनेट मात्र दुबळ्या कार्बोनिक आम्लाचा. त्याला हायड्रोजन हवाच असतो, आणि तो शेजारच्या पाण्याच्या रेणूचा ओढून घेतो. मागे उरतो हायड्रॉक्साइड, आणि हळद लाल होते ती त्याच्यामुळे. अमोनियम सल्फेटमध्ये उलट. सल्फेट गप्प, अमोनियम आपला हायड्रोजन सोडतो. तुरटीतला ॲल्युमिनियम आपल्याभोवतीच्या पाण्याकडून हायड्रोजन सोडवतो. मिठात दोन्हीकडचे तीव्र, कुणालाच कुणाचं काही घ्यायचं नाही.

"म्हणजे पाण्याचंच ओढतंय?" ती म्हणाली. हो, पाण्याचंच. पाणी तिथं नुसतं बघत उभं नसतं, हे मी आजपर्यंत नीट सांगितलं नव्हतं.

18 डिसेंबर

अमोनियम सल्फेट चिमूटभर, ओला चुना चिमूटभर, वाटीत काचेच्या कांडीनं घोटलं. नाकाला झिणझिण्या. ओला हळदीचा कागद वाटीला न लावता वर धरला, तरी कडेपासून लाल होत गेला. बाजूला ठेवल्यावर पाचेक मिनिटांत पुन्हा पिवळा. अमोनिया आला आणि उडून गेला.

तीव्र आम्लारी आली की लवणात बांधलेली दुबळी आम्लारी बाहेर पडते. म्हणून अमोनियम खत आणि चुना शेतात एकत्र टाकायचे नाहीत. नत्र (नायट्रोजन) हवेत जातं, पैसा त्याच्याबरोबर.

हे सांगताना मला दुसरं सांगावंसं वाटलं आणि सांगितलं. आमच्या भागात, निपाणीच्या पट्ट्यात, तंबाखू घराघरात आहे. तळहातावर तंबाखू-चुना मळतात तेव्हा हेच होतं. निकोटिन ही दुबळी आम्लारी, पानात ती आम्लांशी लवणरूपात बांधलेली असते. चुना तिला मोकळं करतो, आणि मोकळं निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्यानं रक्तात जातं. चुना ती कातडी भाजतो ते वेगळंच. वर्गात तीन मुलांनी माना खाली घातल्या. त्यांना ओरडले नाही. लाल झालेला कागद त्यांच्या हातात दिला आणि घरी दाखवा म्हटलं.

3 जानेवारी

दोन माती. एक खानापूर तालुक्यातून, जांबोटीकडच्या एका मुलाच्या आजोळची: तांबडी. दुसरी अथणीकडून कृष्णाकाठची, माझ्या नणंदेच्या शेतातली: काळी, वर पांढरट पापुद्रा, उसाची उगवण ठिपक्याठिपक्यांची. तिकडं अशा जमिनीला चोपण म्हणतात, कन्नडमध्ये सवळु.

एक भाग माती, अडीच भाग पाणी, हलवून अर्धा तास. तांबडी: साडेपाच. काळी: नऊच्या आसपास, हळदीचा कागद लाल.

जांबोटीकडे, मलप्रभा नदी जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला, पाऊस धो धो. कॅल्शियम, मॅग्नेशियम वाहून जातं, मागं आम्लता राहते. सामू साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून मुळांना मारतं आणि स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतो. तिथं चुना लागतो. कृष्णाकाठी काळ्या मातीत पाणी साचून राहतं, निचरा नाही, सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसतो.

नणंदेच्या मिस्टरांनी गेल्या वर्षी खानापूरच्या पाहुण्याचं ऐकून या चोपणात चुना टाकला होता. त्याचा काही उपयोग झाला नाही. कसा होणार, जमीन आधीच आम्लारीधर्मी.

दोन बाटल्या भरल्या. दोन्हीत तीच काळी माती आणि पाणी, एकीत दोन चमचे जिप्सम. हलवून खिडकीत ठेवल्या.

5 जानेवारी

जिप्समची बाटली: माती तळाला, वरचं पाणी इतकं स्वच्छ की पलीकडचं झाड दिसतं. दुसरी: अजून चहासारखी गढूळ. मुलं सकाळपासून रांगेनं बघून जात आहेत.

जिप्सम स्वतः उदासीन आहे, बारा डिसेंबरच्या बशीत आपणच बघितलं. तरी तो चोपण सुधारतो, कारण हे उदासिनीकरण नाही, जागेची अदलाबदल आहे. जिप्समचा कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवतो, कण एकत्र येऊन खाली बसतात. मातीतला सोडियम कार्बोनेट कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाहेर पडतो, आणि मागे राहणारं सोडियम सल्फेट पाण्याबरोबर वाहून जाऊ शकतं. पण वाहून जायला वाट हवी. चर काढले नाहीत तर जिप्समचा पैसाही मातीत. नणंदेच्या मिस्टरांना फोन करून आधी माती परीक्षण, मग चर, मग जिप्सम, असं सांगितलं. "बघतो वहिनी," म्हणाले. पाठपुरावा करायचा आहे.

16 जानेवारी

संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला मुलींनी घरोघरचं कुंकू जमवलं, अकरा पुड्या. पारंपरिक कुंकू हळदीला चुना किंवा पापडखार लावून करतात, लाल रंग आमच्या हळदीच्या कागदाचाच. लिंबाचा थेंब टाकला की ते पिवळं व्हायला हवं. अकरातलं एकच झालं, एका आज्जीनं घरी केलेलं. बाकी दहा लालच राहिली, म्हणजे त्यांचा रंग चुना किंवा पापडखार लावलेल्या हळदीचा नाही.

24 जानेवारी

चष्मे परत करायला गेले तेव्हा त्या वडिलांनी फाउंड्रीतला कोर, म्हणजे ओतकामात आत पोकळी राहावी म्हणून ठेवतात तो वाळूचा गाभा, दाखवला. वाळूत सोडियम सिलिकेट कालवतात, साच्यात भरतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, अर्ध्या मिनिटात दगड. सिलिकेट आम्लारीधर्मी, वायू आम्लधर्मी. मध्ये सिलिकाचा जेल तयार होऊन वाळू धरतो. "आम्ही नुसतं गॅस मारलाय म्हणतोय," ते म्हणाले. पुढच्या वर्षी मुलांना तिथं न्यायचं आहे, परवानगी मिळाली तर.

9 फेब्रुवारी

मांडणीसाठी बाटल्यांना चिठ्ठ्या. दोन रकाने, मराठी आणि कन्नड. चुन्याच्या निवळीवर मराठीत आम्लारी, कन्नडमध्ये क्षार. मिठावर मराठीत क्षार, कन्नडमध्ये लवण. तुरटी, जिप्सम, अमोनियम सल्फेट मिठासारखीच.

धुण्याच्या सोड्याची बाटली त्या मुलीकडं होती. तिनं दोन्ही रकान्यांवर एकच आडवी रेघ ओढून मोठ्या अक्षरात एकदाच लिहिलं: क्षार. आमच्या पुस्तकाप्रमाणे तो लवण म्हणून क्षार, तिच्या जुन्या शाळेप्रमाणे हळद लाल करतो म्हणून क्षार. चिठ्ठी मी तशीच चिकटवली.

खाण्याच्या सोड्याच्या बाटलीवर काय लिहायचं यावर दुपारपर्यंत वाद चालला. हळद तांबूस होते, लाल होत नाही. चौघं म्हणतात एकच शब्द, चौघं म्हणतात दोन. उद्या ताज्या कागदावर पुन्हा करून बघणार आहोत.